स्लाऊचा साहेब स्क्रँटनला जातो तेव्हा

कागद विकणाऱ्या कंपनीचं एक छोटं ऑफिस. केबिनमध्ये साहेब आणि समोर त्याच दिवशी टेम्पररी म्हणून रुजू झालेला पोरगा. पोरावर छाप पाडायची म्हणून साहेब रिसेप्शनवरच्या मुलीला आत बोलावतो आणि गंभीर चेहऱ्याने सांगतो, ऑफिसच्या चिकटचिठ्ठ्या चोरल्यास, तुला कामावरून काढतोय. मुलगी आधी गोंधळते, मग रडायला लागते. साहेबाची कल्पना अशी की 'गंमत केली गं!' म्हटलं की तिघंही खो-खो हसतील. हसत कुणीच नाही. पोरगा मान खाली घालतो, आणि बघणाऱ्याला वाटतं, टीव्ही बंद करावा.

हा प्रसंग दोनदा चित्रित झाला. पहिल्यांदा २००१ साली बीबीसीच्या 'द ऑफिस'मध्ये. गाव लंडनच्या पश्चिमेचं स्लाऊ, साहेब डेव्हिड ब्रेंट, भूमिकेत रिकी जर्व्हेस. दुसऱ्यांदा २००५ साली अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीवर. गाव पेनसिल्व्हेनियातलं स्क्रँटन, साहेब मायकल स्कॉट, भूमिकेत स्टीव्ह करेल. अमेरिकन मालिकेचा पहिला भाग ब्रिटिश संहितेवरून जवळजवळ जसाच्या तसा उचललेला आहे. पण या प्रसंगाचा शेवट ऐका. स्लाऊची रिसेप्शनिस्ट डॉन एक कचकचीत शिवी हासडते आणि म्हणते, किती केविलवाणा माणूस आहेस तू. ब्रेंट म्हणतो, "हो का? मला माहीत नव्हतं." स्क्रँटनची पॅम नुसतं 'जर्क' म्हणते, म्हणजे आपल्याकडचं 'नालायक'. मायकल म्हणतो, "तसं काही म्हणता येणार नाही."

वरवर पाहता दोन शिव्यांचाच फरक. पण नालायक माणूस उद्या नीट वागू शकतो, तो आजच्या वागण्यावरचा शेरा आहे. केविलवाणा माणूस उद्याही केविलवाणाच असतो. ब्रिटिश विनोद अमेरिकनांना भावतो का, या जुन्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर मला या दोन शब्दांमधल्या फटीत दिसतं. विनोद समुद्र ओलांडून नीट पोचतो. बंदरावर अडतो तो हरलेला माणूस.

आधी एक लाडकी समजूत बाजूला करू. 'अमेरिकनांना तिरकस बोलणं कळत नाही' असं ब्रिटिश लोक एकमेकांना मोठ्या समाधानाने सांगत असतात. हे काही खरं नाही. अमेरिकन विनोदाच्या पायाचे कित्येक दगड इंग्लंडहूनच गेलेत. फ्रेड कार्नोची इंग्लिश प्रहसनमंडळी १९१० साली बोटीने अमेरिकेला निघाली, तेव्हा तिच्यात चार्ली चॅप्लिन होता आणि पुढे लॉरेल-हार्डीतला लॉरेल झालेला पोरगाही. अमेरिकेचा लाडका बॉब होप जन्मला लंडनच्या एल्थममध्ये. पुलंच्या पिढीने ज्याला अस्सल इंग्लिश म्हणून डोक्यावर घेतलं त्या वुडहाउसचा जीव्ज पहिल्यांदा छापून आला तो १९१५ साली, आणि तोही अमेरिकन साप्ताहिकात. लंडनच्या मासिकात नंतर. स्वतः वुडहाउस १९५५ साली अमेरिकेचा नागरिक झाला. ज्या देशाने जीव्ज आधी वाचला त्याला तिरकस बोलणं कळत नाही म्हणायचं, तर कमाल आहे.

एक फरक मात्र खरा आहे, आणि तो बोलीतला आहे. ब्रिटिश माणूस कमी करून बोलतो. घराला आग लागली तर 'जरा उकडतंय' म्हणेल. अमेरिकन माणूस बोलतो ते सहसा तेवढ्याच मापाचं, नाहीतर थोडं चढंच. याचा एक किस्सा ब्रिटनमध्ये आजही सांगतात, आणि तो विनोदी नाही. १९५१ चा एप्रिल, कोरियाचं युद्ध, इमजिन नदी. ब्रिटिश ब्रिगेडची एक बटालियन कित्येक पटींनी मोठ्या चिनी फौजेच्या वेढ्यात सापडलेली. ब्रिटिश ब्रिगेडियरने वायरलेसवर अमेरिकन वरिष्ठाला कळवलं, परिस्थिती 'जरा चिकट' आहे. इंग्लिश कानाला याचा अर्थ, मेलो, वाचवा. अमेरिकन जनरलला वाटलं, थोडी ओढाताण दिसतेय, निभावतील. माघारीचा हुकूम वेळेत आला नाही. बटालियनमधले बहुतेक जण कैद झाले.

दोन्हीकडच्या क्लायंटशी रोज बोलणारे पुण्यातले आयटीवाले हा धडा फुकटात शिकतात. लंडनचा माणूस 'क्वाइट गुड' म्हणाला तर काम बरं आहे, पण अजून हात फिरवा. शिकागोचा 'क्वाइट गुड' म्हणाला तर त्याला खरंच आवडलंय. मी एकदा लंडनहून आलेल्या 'व्हेरी इंटरेस्टिंग'वर खूश होऊन अख्ख्या टीमला वडापाव खिलवला होता. आठवड्याभरात प्रस्ताव बारगळला. नंतर एका जुन्या सहकाऱ्याने समजावलं, ते शालजोडीतलं होतं रे.

पण बोली शिकता येते. चार भाग पाहिले की कान तयार होतो. मग अडतं कुठे?

ब्रिटिश सिटकॉमच्या मध्यभागी बहुतेक वेळा एक माणूस असतो जो स्वतःला आहे त्याच्यापेक्षा मोठा समजतो. जग त्याला दर आठवड्याला खाली आपटतं आणि तो काहीही शिकत नाही. 'फॉल्टी टॉवर्स'चा बॅसिल फॉल्टी घ्या. टॉर्कीच्या समुद्रकिनाऱ्यावर हॉटेल चालवतो. बड्या गिऱ्हाइकांपुढे लाळ घोटतो, साध्या माणसांवर खेकसतो. एका भागात उच्चभ्रू पाहुण्यांसाठी खास जेवणाचा बेत आखतो. शेवटी बदकाचं ताट मोठ्या डौलाने समोर आणतो, झाकण काढतो, तर आत ट्रायफल, म्हणजे क्रीम-जेलीचं गोड. बॅसिल क्षणभर बघत राहतो आणि मग त्या ट्रायफलमध्ये हात घालून बदक शोधायला लागतो. माझ्या मते टीव्हीवरच्या विनोदाच्या इतिहासातला हा सगळ्यात सुंदर हात आहे. बदक तिथे नाही हे त्यालाही कळतंय, पण हरलो हे मान्य करण्यापेक्षा क्रीममध्ये चाचपडणं त्याला सोपं वाटतं.

या बॅसिलला अमेरिकेने तीनदा आपलंसं करून पाहिलं. १९७८ चा प्रयोग चाचणीच्या भागापुढे गेलाच नाही. १९८३ च्या 'अमांडाज'मध्ये हॉटेलची मालकीण एक खमकी विधवा दाखवली आणि बॅसिल नावाचं पात्रच काढून टाकलं. म्हणजे पुरणपोळी करायची, पण पुरण तेवढं नको. काही महिन्यांत मालिका बंद. १९९९ ची 'पेन'ही तशीच गेली. हे सगळे बनवणारे मूर्ख नव्हते. त्यांना भीती वाटली की इतक्या हलकट, इतक्या हरलेल्या माणसाला अमेरिकन घरं दर आठवड्याला आत घेणार नाहीत.

ही भीती कुठून येते, यावर जर्व्हेसनेच २०११ साली 'टाइम' साप्ताहिकात लिहिलं होतं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: अमेरिकन पोराला लहानपणापासून सांगतात की तू राष्ट्राध्यक्ष होऊ शकतोस, ब्रिटिश पोराला सांगतात की तुझ्या बाबतीत असलं काही घडायचं नाही. यात अतिशयोक्ती आहे, पण विनोदाच्या बाबतीत ती बरीच लागू पडते. जिथे सगळेच हरणार आहेत तिथे हरण्यावर हसणं म्हणजे एकमेकांच्या पाठीवर हात ठेवणं. जिथे प्रत्येकजण जिंकू शकतो असं मानतात, तिथे कायम हरणाऱ्याकडे बघून वाटतं, याचं काहीतरी करायला हवं, याला कुणीतरी मिठी मारा.

स्वभावाच्या गोष्टी सांगायला मजा येते, पण निम्मं उत्तर धंद्यात आहे, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. ब्रिटिश मालिकेचा एक हंगाम साधारण सहा भागांचा. लिहिणारे एक किंवा दोन. 'फॉल्टी टॉवर्स' जॉन क्लीझ आणि कॉनी बूथ या दोघांनी लिहिली. १९७५ मध्ये सहा भाग, १९७९ मध्ये सहा, एकूण बारा. ब्रिटिश 'ऑफिस'चेही बारा भाग आणि वर नाताळचे दोन. अमेरिकेत मोठ्या वाहिनीवरच्या हंगामाला बावीस-चोवीस भाग लागायचे आणि ते लिहायला दहा-बाराजणांची खोली भरलेली असायची. खरा पैसा तर त्यानंतर सुरू व्हायचा. शंभरेक भाग जमले की जुन्या भागांचे हक्क गावोगावच्या वाहिन्यांना विकता येतात, मग ते रोज संध्याकाळी वर्षानुवर्षं लागत राहतात. म्हणजे ब्रिटिश लेखक गोष्ट संपवायला बसतो, अमेरिकन लेखक ती संपू नये म्हणून बसतो. बारा भाग असह्य माणसासोबत काढता येतात. दोनशे भाग काढायचे तर तो माणूस आपल्याला थोडा तरी आवडावा लागतो.

अमेरिकन 'ऑफिस' नेमकी इथे शहाणी ठरली. सहा भागांचा पहिला हंगाम थोडा कोरडाच गेला. ब्रेंटचा अंगरखा करेलच्या अंगावर नीट बसत नव्हता. दुसऱ्या हंगामापासून अमेरिकन मालिकेचे कर्ते ग्रेग डॅनियल्स आणि त्यांच्या लेखकमंडळींनी तो उसवून नव्याने शिवला. २००५ च्या नोव्हेंबरमधल्या एका भागात मायकल वरिष्ठ बाईंना आणि एका मोठ्या गिऱ्हाइकाला महागड्या जागी न नेता 'चिलीज' या साध्या हॉटेलात नेतो. तळलेला कांदा मागवतो, पाचकळ विनोद करतो, तासन् तास कागदाचा विषयच काढत नाही. बाई कपाळावर हात मारून बसल्यात. आणि रात्र संपता संपता तो सौदा पटवतो. हा माणूस साहेब म्हणून कुचकामी आहे, पण विक्रेता म्हणून हिरा आहे, हे एका जेवणात कळतं. स्लाऊच्या ब्रेंटच्या वाट्याला असं जेवण कधी आलं नाही.

पुढे २००७ साली पॅमच्या चित्रांचं छोटंसं प्रदर्शन लागतं. ऑफिसातलं जवळपास कुणी फिरकत नाही. जे येतात ते चित्रांबद्दल कुजबुजत निघून जातात. ती चित्रं उतरवायला लागते तेवढ्यात मायकल धापा टाकत येतो. तिने काढलेलं ऑफिसच्या इमारतीचं साधंसं चित्र बघतो. त्याला ते मनापासून आवडतं, विकत हवं असतं. पॅम त्याला मिठी मारते. पहिल्या भागात खोट्या नोटिशीने रडवलेली हीच ती मुलगी. डॉनने ब्रेंटला अशी मिठी मारलेली आपल्याला चालली नसती, ते खोटं वाटलं असतं. स्क्रँटनमध्ये ते खोटं वाटत नाही, आणि हे मी चांगल्या अर्थाने म्हणतोय. ब्रिटिश 'ऑफिस'चे कट्टर भक्त या मिठीला नाकं मुरडतात. मला वाटतं, ते पुरणपोळीत मिरची शोधतात.

दोघांचा निरोपही बघा. ब्रेंटची नोकरी जाते. दुसऱ्या हंगामाच्या अखेरीला तो वरिष्ठांसमोर उभा राहून मला काढू नका म्हणून गयावया करतो, आणि त्या क्षणी हसू एकदम आटतं. मायकल २०११ मध्ये स्वतःहून नोकरी सोडतो, आवडत्या बाईशी संसार थाटायला कोलोराडोला जातो. तो गेल्यावरही मालिका दोन वर्षं चालली. नऊ हंगाम, दोनशेच्या वर भाग.

हे शिवणकाम अमेरिकेला नवीन नव्हतं. १९७१ मध्ये निर्माता नॉर्मन लिअरने लंडनच्या एका तोंडाळ, वर्णद्वेषी गोदी कामगारावरची बीबीसीची मालिका उचलून न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये वसवली. आल्फ गार्नेटचा आर्ची बंकर झाला आणि 'ऑल इन द फॅमिली' सलग पाच वर्षं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर राहिली. आर्चीही कडू बोलायचा, पण त्याच्या आत कुठेतरी उबदार कोपरा ठेवलेला होता. उलट 'कपलिंग'चं बघा. ब्रिटनमध्ये तिला 'फ्रेंड्स'चं उत्तर समजत. २००३ मध्ये एनबीसीने ती जुन्याच संहिता घेऊन बनवली आणि चार भागांत गुंडाळली. विनोद तेच होते, पात्रांची नावंही बहुतेक तीच. शब्द उचलता येतात, ते म्हणायची लकब आयात होत नाही.

आता गंमत अशी की मूळ ब्रिटिश माल, न शिवता, न रंगवता, अमेरिकेत कायम खपत आलाय, फक्त वेगळ्या दुकानात. देणग्यांवर चालणाऱ्या पीबीएस या सार्वजनिक वाहिन्या हे ते दुकान. मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदी मंडळींची मालिका १९७४ मध्ये पीबीएसच्या ज्या केंद्राने दाखवायला सुरुवात केली ते न्यूयॉर्कचं नव्हतं, टेक्ससमधल्या डॅलसचं होतं. मोठ्या वाहिनीने हात लावला तेव्हा काय झालं, तेही नोंदलेलं आहे. १९७५ मध्ये एबीसीने पायथनचे तीन भाग जोडून नव्वद मिनिटांचा कार्यक्रम केला आणि जाहिरातींसाठी व 'आक्षेपार्ह' म्हणून त्यातली चोवीस मिनिटं कापली. पायथनमंडळी कोर्टात गेली. १९७६ मध्ये अपील कोर्टाने त्यांची बाजू घेतली: उरलं ते या लोकांच्या कलेचं व्यंगचित्र आहे, आणि त्यांच्या नावावर ते खपवता येणार नाही. अमेरिकन न्यायाधीशांना ब्रिटिश विनोद कळला होता. भीती वाटत होती ती फक्त वाहिनीला.

पीबीएसवरची आणखी एक लाडकी बाई म्हणजे हायसिंथ. आडनाव बकेट, म्हणजे बादली. तिचा आग्रह असा की त्याचा उच्चार 'बुके' करायचा, पुष्पगुच्छातला. फोन उचलला की 'बुके निवास, घरच्या बाईसाहेब बोलताहेत' अशी सुरुवात. 'कीपिंग अप अपिअरन्सेस'मधली ही बाईही दर भागात तोंडावर आपटते, काही शिकत नाही, आणि अमेरिकनांनी तिला वर्षानुवर्षं प्रेमाने पाहिलं. मग माझा हरलेल्या माणसाचा सिद्धांत कोसळला का? मला तसं वाटत नाही. हायसिंथ परक्या गावची आहे. तिचा पराभव हा इंग्लंडचा पराभव, चहाच्या कपांसारखा, नक्षीदार. तोच माणूस शेजारच्या ऑफिसात, आपल्याच उच्चारात बोलायला लागला की त्याचं हरणं घरचं होतं, आणि मग बोचतं.

अमेरिकेतही 'ना मिठ्या, ना धडे' असा नियम घालून चालवलेली मालिका झाली, आणि ती प्रचंड गाजली: 'साइनफेल्ड'. चार स्वार्थी माणसं नऊ हंगाम कुणाचीही पर्वा न करता वागत राहिली, लोक हसत राहिले. १९९८ च्या शेवटच्या भागात लेखक लॅरी डेव्हिडने चौघांना खरोखर तुरुंगात धाडलं, तेव्हा प्रेक्षकांचा मोठा हिस्सा चिडला. वाईट वागा म्हणाले, पण हरू नका.

वर्गणीवर चालणाऱ्या वाहिन्या आणि नंतर स्ट्रीमिंग आलं तसं हे गणित सैल झालं. कारण आता दर आठवड्याला सगळ्या देशाला खूश ठेवायची गरज उरली नाही. अर्मांडो यानुचीची राजकारणावरची शिवराळ 'द थिक ऑफ इट' एबीसीने २००७ मध्ये अमेरिकन करून पाहिली, चाचणीपलीकडे गेली नाही. त्याच माणसाने त्याच जातीचा विनोद २०१२ मध्ये एचबीओवर 'वीप' म्हणून आणला आणि टीव्हीच्या एमी पारितोषिकांची रांग लागली. २०१९ मध्ये 'फ्लीबॅग' ही अवघ्या बारा भागांची ब्रिटिश मालिका सर्वोत्तम विनोदी मालिकेचं एमी घेऊन गेली, कुणी तिला अमेरिकन कपडे घालायच्या फंदात न पडता.

आणि उलटा प्रवासही झालाच. 'टेड लासो'मध्ये कॅन्ससचा एक सदा हसतमुख कोच लंडनच्या फुटबॉल क्लबात येतो, दारावर 'बिलीव्ह' लिहिलेला पिवळा कागद चिकटवतो. त्याच्या भोवतीचे इंग्लिश लोक बजावत असतात, बाबा रे, माणसाला आशाच मारते. पहिल्या हंगामाच्या शेवटी क्लब हरतो आणि खालच्या श्रेणीत ढकलला जातो. अमेरिकन चेहरा आणि ब्रिटिश निकाल. पुढच्या वर्षी एमी त्यांनाच मिळालं.

२०११ च्या जानेवारीत अमेरिकन 'ऑफिस'च्या एका भागाच्या सुरुवातीला मायकल स्क्रँटनमध्ये लिफ्टपाशी उभा असतो. तिथे त्याला भेटतो डेव्हिड ब्रेंट. दोघं एकमेकांना ओळखत नाहीत. मिनिटभर बोलतात, एकमेकांच्या पाचकळ विनोदांना मनापासून दाद देतात, मिठी मारतात. निघता निघता ब्रेंट सहज विचारल्यासारखं विचारतो, तुमच्याकडे एखादी नोकरी आहे का हो?

मायकल म्हणतो, सध्या तरी नाही.

"बरं," ब्रेंट म्हणतो, "असली तर कळवा."